रिसर्च एसे लिहिताय? आधी विषय छाटा

अगं, तुला पाच पानांचा इन्फॉर्मेटिव्ह एसे लिहायचाय, 'भारतातली धरणं' हा विषय त्यात मावणारच नाही, आधी तो छाटून घे. कोयनाच बघ ना, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे मोठा भूकंप झाला, तर जलाशयातल्या पाण्याचा त्याच्याशी काय संबंध एवढाच प्रश्न धर, मटेरियल भरपूर मिळेल. विकिपीडियावरून सुरुवात केलीस तरी हरकत नाही पण तिथे थांबू नकोस, खाली संदर्भ असतात ते उघड आणि मूळ पेपर वाच, नाहीच मिळाला तर लायब्ररियनला सरळ विचार, खूप मदत करतात ते. आणि वाचतानाच प्रत्येक मुद्द्यापुढे लेखक, साल, पान नंबर लिहून ठेव, हे खरंच कर गं, सबमिशनच्या आदल्या रात्री शोधत बसायला लागलं की रडू येतं.

एसे इन्फॉर्मेटिव्ह, म्हणजे फक्त माहिती देणारा हवाय ना, मग धरण हवं की नको या वादात पडूच नकोस. 'धरणामुळे भूकंप झाला' असं ठोकून देण्यापेक्षा 'अनेक शास्त्रज्ञांच्या मते, आधीच ताण असलेला फॉल्ट (जमिनीखालच्या खडकातली भेग) पाण्याच्या दाबामुळे सरकला' असं लिही आणि लगेच सायटेशन दे. इंट्रो सगळ्यात शेवटी लिहिलास तरी चालतो.