ग्रामपंचायतीतल्या सत्यनारायणाला हरकत घेतली, म्हणून मी नास्तिक झालो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर तालुक्यातल्या तुमच्या गावी ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत सत्यनारायण घालायचं ठरलं, खर्च पंचायतीच्या खात्यातून. तुम्ही ग्रामसभेत हरकत घेतली. आता पारावर चर्चा आहे, "हाऊ ते नास्तिक व्हई गया." तुम्ही मात्र दर चैत्रात पायी सप्तशृंगीच्या गडावर जाता आणि श्रावणात तुमच्या घरी कानबाई, ही खानदेशातली देवी, बसते. मग धर्मनिरपेक्ष आणि नास्तिक एकच का, असं तुम्ही विचारलंय.

एकच नाही, भाऊ. देव आहे का, या प्रश्नाला "नाही" म्हणणारा तो नास्तिक. ग्रामसभेत हा प्रश्न कोणी काढलाच नव्हता. तिथे विषय होता व्हाउचरचा: सव्वा किलो रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, केळीचे खांब, गुरुजींची दक्षिणा, आणि खाली सही सरपंचांची. हे पैसे ग्रामनिधीतून जावेत का, याचं उत्तर देताना देव मानावा लागत नाही आणि नाकारावाही लागत नाही.

घोळ बराचसा आपल्या भाषेनेच केला आहे. वर्तमानपत्रांनी सेक्युलरसाठी वर्षानुवर्षं "निधर्मी" हा शब्द चालवला. निधर्मी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटणार, ज्याला धर्म नाही तो. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत शब्द आहे "धर्मनिरपेक्ष", हिंदीत तर "पंथनिरपेक्ष". निरपेक्ष म्हणजे अपेक्षा न ठेवणारा: तुझा धर्म कुठला, हे पाहून दाखला, रेशन किंवा घरकुल ठरवत नाही असा. हा शब्द उद्देशिकेत 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आला. पण ज्यांच्यावर तो उभा आहे ती धर्मस्वातंत्र्याची 25 ते 28 ही कलमं 1950 पासूनच आहेत. "शब्द मागाहून घुसवला" हा पारावरचा मुद्दा त्यामुळे फार पुढे जात नाही. अभ्यासक "इहवाद" म्हणतात, म्हणजे या जगाच्या व्यवहाराशी काम. तो शब्द सगळ्यांत नेमका, पण बोलण्यात रुळला नाही.

सेक्युलॅरिझम हा मूळ शब्द 1851 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज होलिओकने घडवला. त्याआधी ईश्वरनिंदेच्या गुन्ह्यात त्याने सहा महिने तुरुंग भोगला होता. स्वतः अश्रद्ध असूनही त्याने नवा शब्द काढला, कारण या जगातल्या कामासाठी श्रद्धावानांनाही सोबत घ्यायचं होतं. त्याचा सहकारी चार्ल्स ब्रॅडलॉ याला हे पटलं नाही; त्याच्या मते हा रस्ता नास्तिकतेलाच जाऊन मिळतो. म्हणजे तुमच्या पारावरचा वाद दीडशे वर्षं जुना आहे, आणि गावकरी नकळत ब्रॅडलॉच्या बाजूने बोलतायत!

नास्तिक हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. मनुस्मृतीत नास्तिकाची ओळख "वेदनिंदक" अशी आहे, देव न मानणारा अशी नाही. म्हणून सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक, या दोन जुन्या दर्शनांचे लोक, आस्तिकांत बसले, आणि जैन-बौद्ध नास्तिकांत. त्या मापाने तुमच्या बाजारपेठेतले रोज देरासरात (जैन मंदिरात) जाणारे व्यापारीही नास्तिकच ठरतील.

आता दोन्ही गोष्टी सुट्या करून बघा. साने गुरुजी तुमच्या अमळनेरच्याच प्रताप हायस्कुलात शिकवायचे. माणूस हाडाचा श्रद्धावान; 1947 मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला. मौलाना आझाद कुराणाचे भाष्यकार, आणि धर्मनिरपेक्ष राज्याचे खंदे समर्थक. उलट अल्बानियाने 1967 मध्ये मशिदी, चर्च सगळी बंद केली आणि देशच नास्तिक जाहीर केला. ते राज्य नास्तिक होतं, धर्मनिरपेक्ष मुळीच नव्हतं; श्रद्धा ठेवायची की नाही हे तिथे सरकार ठरवत होतं. आपल्याकडेही "देव-बिव काही नसतं" म्हणणारा माणूस भाडेकरू मुसलमान आहे म्हणून खोली नाकारतो. तो नास्तिक खरा, पण धर्मनिरपेक्ष वृत्तीचा नाही.

नास्तिक माणसाचा हक्कही याच चौकटीत येतो. 25 व्या कलमातलं सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य न मानणाऱ्यालाही आहे. आमदार "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" म्हणू शकतो किंवा "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो". प्रतिज्ञापत्रातही हाच पर्याय आहे. कुठल्याही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती सरकारला करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. पण "धर्म नाही" असं लिहिण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. हिंदू आईबापांचा मुलगा देव मानत नाही म्हणून हिंदू विवाह आणि वारसा कायद्यातून बाहेर पडत नाही. आणि अनुसूचित जातीच्या आदेशात हिंदू, शीख, बौद्ध एवढेच धर्म आहेत, त्यामुळे "धर्म नाही" लिहिणाऱ्याला जातीच्या दाखल्याला अडचण येऊ शकते. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही; तळोद्या-अक्कलकुव्याकडच्या आदिवासी मुलांना ही भीती उगाच घातली जाते.

कायदा धर्मनिरपेक्ष असतो म्हणजे कसा, हे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात दिसतं. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पण वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना तो हात लावत नाही. देव आहे की नाही यावर कायदा गप्प आहे. इजा आणि फसवणूक झाली की बोलतो.

आता तुमची ग्रामसभा. आधी एक कडू गोष्ट: शासकीय इमारतीत पूजा नको, असं घटनेत सरळ एका ओळीत लिहिलेलं नाही. 27 वं कलम म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती नको. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हज अनुदानाच्या प्रकरणात त्याचा अर्थ असा लावला की कराच्या रकमेतला मोठा भाग तिकडे जात असेल तरच कलमाचा भंग होतो. एका शिऱ्याने तो होत नाही. त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने आपल्याच इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्धची याचिका फेटाळली आणि अर्जदारालाच 20 हजारांचा भुर्दंड लावला. म्हणून कोर्टाची भाषा काढू नका. तुमची बाजू हिशेबाची आहे, तिथेच ती भक्कम आहे.

हरकत पुन्हा मांडाल तेव्हा "अंधश्रद्धा", "थोतांड" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. एकदा गेले की विषय देवाचा होतो आणि व्हाउचर बाजूला पडतं. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. एवढंच विचारा: खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला? घरपट्टी मुसलमान पिंजाऱ्याकडूनही येते, बौद्धवाड्यातूनही येते. त्यांना विचारलं का? पूजेच्या वेळेत दाखल्याला आलेला माणूस परत गेला का? शिपायाने, लिपिकाने हात जोडलेच पाहिजेत असं आहे का? तोंडी उत्तर मिळालं नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात व्हाउचरची प्रत मागा. मुदत 30 दिवसांची. अर्जात फक्त खर्चाचा तपशील मागा, मत मांडू नका.

सोबत तोडही सुचवा, नाहीतर तुम्ही नुसते आडवे आलेले दिसता. पूजा वर्गणीतून, रविवारी, मारुतीच्या पारावर. चौरंग तिथेही मावतो, आणि तुम्हीही वर्गणी देऊन प्रसादाला बसू शकता. ठराव मात्र एका पूजेपुरता मागू नका. "ग्रामनिधीतून कोणत्याही धर्माच्या पूजा, प्रार्थना वा उत्सवावर खर्च करू नये" असा मागा, आणि "कोणत्याही" हा शब्द इतिवृत्तात उतरला का ते सही करण्याआधी वाचून घ्या. उद्या कोणी उरुसाच्या मांडवासाठी पंचायतीकडे पैसे मागितले, तर याच कागदावर बोट ठेवून नाही म्हणावं लागेल. ते नाही म्हणायची तुमची तयारी आहे का, हे ठराव मांडायच्या आधी स्वतःला विचारून घ्या.