‘आईचा द्वेष कर’ असं येशू म्हणाला?

प्रश्न: मी 43 वर्षांची. आई अंथरुणाला खिळून आहे, तिचं सगळं मीच करते. धाकटा भाऊ हल्ली चर्चच्या मंडळीच्या कामात पूर्ण बुडालाय. नोकरी चालू आहे, पण आईच्या औषधांना तो पैसे द्यायचा ते बंद केले. ‘ते आता देवाला दिलेत’ म्हणतो. मी चिडले तर त्याने बायबलमधलं लूक 14:26 वाचून दाखवलं: जो आईबापांचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही. येशू खरंच असं म्हणाला? दोन महिने झाले, मी बायबल उघडलेलं नाही.
– एक बहीण

ताई,

वचन आहे, आणि तसंच आहे. लूकच्या ग्रीक मजकुरात ‘मिसेओ’ हे क्रियापद येतं आणि त्याचा सरळ अर्थ द्वेष करणं असाच होतो. यादीही लांबलचक आहे: आई, बाप, बायको, मुलं, भाऊ, बहिणी. (बहिणी आहेत बरं का. म्हणजे तुम्हीही त्यात आलात.) पण यादी तिथे संपत नाही, शेवटी ‘स्वतःचा जीवही’ आहे. आपल्याच जिवाचा द्वेष करा, असं कुणी शब्दशः सांगेल का? मग द्वेष या शब्दाचं वजन नेमकं किती, ते जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागात, जाऊन तोलावं लागतं.

त्यातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा 29वा अध्याय काढा. राहेल आणि लेआ या याकोबाच्या दोन बायका; त्याचं राहेलीवर लेआपेक्षा जास्त प्रेम होतं, असं 30व्या वचनात आहे. लगेच पुढच्या वचनात लेआसाठी जो हिब्रू शब्द येतो त्याचा अर्थ ‘द्वेष केलेली’. आता याच लेआला याकोबापासून सहा मुलगे आणि एक मुलगी झाली, आणि मरताना त्याने ‘मला जिथे लेआला पुरलं तिथेच पुरा’ असं सांगून ठेवलं. हा द्वेष म्हणायचा? मराठीत आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: नावडती. दोघींत एक आवडती ठरली की दुसरी आपोआप नावडती. येशू जुन्या कराराच्या याच बोलण्याच्या पद्धतीत वाढलेला. मत्तयाने हीच शिकवण 10:37मध्ये नोंदवताना शब्द उलगडूनच दिलाय: जो माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रेम करतो, तो मला योग्य नाही.

एवढ्याने वचन मऊ होतं असं मात्र मला वाटत नाही. घरचे आणि देव यांत निवड करायची वेळ आली तर घरचे दुसरे, हे त्यात आहेच, आणि ते टोचायलाच हवं. तुमच्या भावाला ते टोचलं यात वाईट काही नाही.

त्याने पुढची वचनं वाचली नाहीत, ते वाईट. येशू हे बोलला ते मागे लागलेल्या मोठ्या गर्दीला, आणि लगेच दोन दाखले दिले. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. दहा हजार सैन्य असलेला राजा वीस हजारांवर चालून जाण्याआधी विचार करतो. दोन्हीकडे किंमत ज्याची त्यानेच मोजायची आहे. तुमच्या भावाने बुरूज बांधायला घेतला आणि बिल तुमच्या नावावर फाडलं. त्याच्या भक्तीची किंमत आई आणि तुम्ही भरताय, तो नाही.

आणि ‘पैसे देवाला दिलेत’ हे वाक्य तर येशूने आधीच ऐकलेलं आहे. मार्क 7:9 ते 13. आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकणाऱ्या लोकांना तो सुनावतो की तुम्ही आपल्या रूढीसाठी देवाची आज्ञा मोडताय. आज्ञा कुठली? आईबापांचा मान राख. ही मिळकत कुर्बान करायची युक्ती इतकी जुनी आहे की मला तर हसूच येतं. तुम्हाला येणार नाही, समजू शकते.

तरीही वचनाला वचन मारून भांडू नका. तो दुसरं काढेल, तुम्ही तिसरं, आणि आई पलंगावरून ऐकत राहील. त्याच्या पाळकांवर तुमचा विश्वास असेल तर तिघं बसून मार्कचा तो भाग एकत्र वाचा. नसेल तर राहू द्या. भावासमोर औषधांचा महिन्याचा कागद ठेवा, त्याचा निम्मा आकडा सांगा आणि गप्प बसा.

बायबल उघडलं नाही याचा अपराध वाटून घेऊ नका. उघडावंसं वाटेल तेव्हा स्तोत्र 88 बघा. ते शेवटपर्यंत रडगाणंच आहे, अखेरचा शब्दही अंधाराचाच, आणि तरी ते त्या ग्रंथात ठेवलं गेलंय.

पैशांशिवाय अजून एक मागा: आठवड्यातला एक दिवस. त्या दिवशी आईजवळ तो बसेल. वार त्याच्याच तोंडून ठरवून घ्या, आणि त्या दिवशी तुम्ही घराबाहेर पडा.