लेकाला पाइप ऑर्गन बनवायचाय, पोटापाण्याचं काय?

ताई नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा १२वी सायन्सला, राहायला सांगलीच्या विश्रामबागला, मिस्टरांचं फर्निचरचं वर्कशॉप, आणि पोरगं जेईईची पुस्तकं बाजूला सारून पीव्हीसीच्या नळ्या कापून शिट्ट्या करत बसतंय. त्याला म्हणे छोटा पाइप ऑर्गन करायचाय, तो पण तीन-चारशे वर्षांपूर्वी करायचे तसा, हाताने, लाकडाचा. तुम्ही विचारलंय की यात पोट भरतं का, आणि खाली बारीक अक्षरात, "ऑर्गन म्हणजे नाटकात असायचा तोच ना, आता कोण वाजवतं तो?"

आधी ते बारीक अक्षरातलं घेतो. सांगलीत ऑर्गन म्हटलं की नाटक आठवणारच, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथंच केलं आणि पुढं संगीत नाटकांचा जमाना आला तेव्हा स्टेजपुढं पायपेटी ठाण मांडून बसली. तिलाच आपण ऑर्गन म्हणतो. पण पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायची थोरली हार्मोनियमच, आत पितळी सूर, म्हणजे पातळ जिभा, हवा गेली की त्या थरथरतात. तुमच्या लेकाच्या डोक्यात आहे त्यात प्रत्येक सुराला वेगळी नळी असते, नळीला शिट्टीसारखं तोंड, भात्यातून हवा येते, पट्टी दाबली की खालची झडप उघडते आणि नळी बोलते. बासऱ्यांचं कुटुंब एका पेटीवर उभं केलंय असं समजा. आणि हे चर्चमधलं भिंतभर धूड असलंच पाहिजे असं काही नाही. युरोपात १४व्या शतकात पोर्टेटिव्ह नावाचा गळ्यात अडकवायचा ऑर्गन होता, डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या, म्हणजे आपण पेटी वाजवतो तसंच की! फ्लॉरेन्सचा लांदिनी नावाचा आंधळा वादक १३९७ ला गेला, त्याच्या थडग्याच्या दगडावर तो हाच ऑर्गन घेऊन कोरलेला आहे.

आता पोटाचं. भारतात, नुसतं पाइप ऑर्गन बनवून? नाही भरत. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे, कोलकात्याच्या सेंट पॉल्समध्ये विलिस या इंग्लंडच्या कंपनीचा आहे, अशी मोजकी ठिकाणं, आणि तिथलं काम म्हणजे जुना सांभाळणं, नवीन घेणारं गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. हे मी गोड करून सांगणार नाही, कारण दोन वर्षांनी तुम्ही मलाच विचाराल. पण धंदा जगात जिवंत आहे. जर्मनीत ऑर्गनची ४००च्या आसपास वर्कशॉप आहेत आणि ५० हजारांच्या घरात ऑर्गन, २०१७ ला युनेस्कोने त्यांच्या या कारागिरीला वारशाच्या यादीत घेतलं. तिथं हा रीतसर ट्रेड आहे, साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे वर्कशॉपमध्ये काम आणि अधूनमधून शाळा, शाळा लुडविग्सबुर्गला, आणि शिकताना पगार मिळतो, लहान असतो पण मिळतो. पूर्वी या ट्रेडच्या नावातच ऑर्गन आणि हार्मोनियम दोन्ही होतं, मला वाचून गंमत वाटली. तिथंही चर्चला जाणारी माणसं कमी होतायत, त्यामुळे नव्यापेक्षा जुने उघडून साफ करणं, दुरुस्त करणं, सुरात आणणं हे काम जास्त, ते पण त्याला आधीच माहीत असू दे.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात जास्त आवडली आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीय. "१३ नळ्या केल्या पण सगळ्या एकसारख्या वाजत नाहीत, लांब नळी मधेच किंचाळते, आखूड नुसती घू घू करते, म्हणून चिडून दोन दिवस जेवला नाही." ताई, जेईईच्या मार्कांवरून तो कधी दोन दिवस उपाशी राहिला का? मी स्वतः पेटी वाजवणारा माणूस, ऑर्गन करणारा नव्हे, पण तुमच्या पत्रापायी आठ दिवस हेच वाचत बसलो आणि दोष कुठंय ते माझ्या लक्षात आलं. त्याने सगळ्या नळ्या एकाच जाडीच्या, म्हणजे आतल्या पोकळीच्या एकाच रुंदीच्या, घेतल्या असणार. दुकानात एक इंची पाइप मिळाला, तोच कापत गेला. लांब नळीला ती जाडी कमी पडते, मग ती मूळ सूर सोडून वरच्या सुरात उडी मारते, आणि आखूड नळीला तीच जाडी जास्त होते म्हणून आवाज बोथट. लांबी सप्तक बदललं की निम्मी होते, पण जाडी तेवढ्या वेगाने कमी करायची नसते, १९व्या शतकात ट्योप्फर नावाच्या जर्मनाने जो हिशोब मांडला त्यात जाडी साधारण १६ सुरांनंतर (कोमल-तीव्र धरून) निम्मी होते. त्याच्या आधीचे कारागीर आपापली मापं ठेवायचे, आणि त्यातच प्रत्येकाचा आवाज वेगळा यायचा.

म्हणून त्याला सांगा पीव्हीसी सोड, घरात लाकूड आहे. लाकडी नळी चौकोनी असते, चार फळ्या, खाली एक ठोकळा, पुढं झाकण, आणि त्या दोघांमध्ये मिलीमीटरपेक्षा बारीक फट, त्यातून हवेचा पापुद्रा निघून वरच्या ओठावर, म्हणजे नळीच्या तोंडाच्या वरच्या कडेवर, आपटतो. ही नळी वरून बुचाने बंद केली की निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो, मधल्या सा-ला उघडी नळी दोन फूट लागली तर बंद फूटभरात भागते, लहान ऑर्गन लहान राहतो तो यामुळेच. आणि लाकूड म्हणजे गरिबाचा जुगाड असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्यात काँपेनियस नावाच्या कारागिराचा १६१० चा ऑर्गन आहे, १००१ नळ्या, सगळ्या लाकडी, अजून वाजतो. धातूच्या नळ्या कथील आणि शिसं वितळवून पत्रा ओतून करतात, कथील म्हणजे कल्हईवाल्याचंच, पण शिशाचा धूर वाईट, घरी गॅसवर हा उद्योग अजिबात नको, हे मी त्याच्यासाठी नाही तुमच्यासाठी लिहितोय.

चिकटवायला जुन्या पद्धतीत सरस, म्हणजे कातडी-हाडं उकळून केलेला गोंद. मिस्टरांना विचारा, फेव्हिकॉल यायच्या आधी सगळे सुतार सरसच शिजवायचे, त्याचा फायदा असा की ऊब आणि ओल दिली की जोड परत उघडतो, म्हणून तर ४०० वर्षांचा ऑर्गन दुरुस्त होऊ शकतो. अर्थात हाच त्याचा तोटा पण आहे, सांगलीच्या पावसाळ्यात भाता उकलू शकतो आणि २०१९ च्या पुरासारखं पाणी घरात आलं तर काय होईल ते बोलायलाच नको, म्हणून काम माडीवर ठेवा. भात्याच्या घड्यांना मेंढीचं मऊ कातडं. हवेचा दाब मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते, यू आकारात धरून पाणी भरायचं, लहान ऑर्गनला ५०-६० मिलीमीटर पाणी उचललं गेलं की झालं. ५० मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरला ५० किलो वजन, भात्याची फळी चौरस मीटरच्या पावपट असेल तर १२-१३ किलो, चार-पाच विटा. बघा, यात त्याचं फिजिक्स आलंच.

आता मला खरं जे सांगायचंय ते. जर्मनीचं स्वप्न राहू दे बाजूला, आधी मिरजेला जा. रेल्वेनं पंधरा मिनिटं. सतारमेकर गल्लीत जी घराणी सतारी-तंबोरे करतात ती मूळची हत्यारांना धार लावणारी शिकलगार माणसं, १८५०च्या सुमाराला हात वाद्यांकडे वळला, आणि २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. तिथं एखाद्या म्हाताऱ्या कारागिराला जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, बघायचं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान देतो, परत दोन हात मारतो, तास तास. ऑर्गनमध्ये नळीला बोलती करायचं काम हुबेहूब हेच, ओठ केसभर वर कापायचा, ऐकायचं, परत कापायचा, आणि एकदा जास्त कापला की गेलं, कापलेलं लाकूड परत येत नाही, नळी फुसफुसायला लागते. हा कान युरोपात जाऊनच मिळतो असं नाही, तो तुमच्यापासून दहा किलोमीटरवर आहे आणि तिथल्या पोरांना त्याचं अप्रूप राहिलेलं नाही.

तर माझं म्हणणं असं. १२वी नीट पास करू दे, जर्मनीतल्या मालकाला मार्कशीट लागते. त्यानंतर एक वर्ष द्या त्याला, फक्त एक. दिवसा वडिलांच्या वर्कशॉपला, किंवा आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स, तो एक वर्षाचाच असतो. शनिवारी मिरज, तेही नुसतं बघायला नाही, झाडू मारायला, सतारीचे भोपळे घासायला. जर्मन भाषा ऑनलाइन सुरू करा, परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनला, व्हिसाला किमान बी १ ही पातळी लागते आणि खरं तर बी २ असेल तर मालक बोलायला तयार होतो. आणि त्या वर्षात २५ नळ्यांचा एक पोर्टेटिव्ह पुरा करायचा, भाता, झडपा, पट्ट्यांसकट, फोटो आणि रेकॉर्डिंग ठेवायचं, जिथं चुकलं तेही लपवायचं नाही. तेच घेऊन २०-३० वर्कशॉपना स्वतः मेल करायचे. एजंट नको. सांगली-कोल्हापुरात आता आउसबिल्डुंग लावून देतो म्हणणारे बोर्ड लागलेत, लाखांत पैसे मागतात, एक रुपया देऊ नका, कॉन्ट्रॅक्ट मालक आणि मुलगा यांच्यातच होतं.

मिस्टर म्हणतील वर्ष वाया जाईल. मला नाही पटत. पहिल्या पाच नळ्यांना उत्साह असतो, १२व्या नळीला कंटाळा येतो, १९व्या नळीला तो तुम्हाला स्वतःहून सांगेल की हे माझं काम नाही, आणि तसं झालं तर वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं दार कुठं पळून जात नाही, सीईटी पुढच्या वर्षी पण असते. पण २५ झाल्या, तर मात्र मग त्याला अडवू नका हो. आणि जर्मनी नाहीच जमलं तरी हार्मोनियम दुरुस्ती, पियानो ट्यूनिंग या कामाला कान असलेला सुतार लागतो, असे कारागीर कमी आहेत आणि त्यांच्याकडे कामाची रांग असते.

खालचं त्याच्यासाठी, त्याला वाचायला द्या.

मित्रा, तू लिहिलंस की दुपारी सूर जुळवतो आणि पहाटे उतरलेले असतात. नळ्या खराब नाहीत. हवा गरम झाली की नळीचा सूर चढतो, एका डिग्रीला साधारण ३ सेंट (सा ते कोमल रे म्हणजे १०० सेंट), आपल्याकडं एप्रिलात पहाटे २२ आणि दुपारी ४० म्हणजे सा आणि कोमल रे यांच्या मधल्या अंतराच्या निम्मा फरक झाला. तंबोऱ्याची तार उलटी, गरम झाली की उतरते, म्हणून दोन्ही एकत्र लावायचे असतील तर सकाळी सातच्या आत लाव. पुढच्या रविवारी मी मिरजेलाच आहे, तुझी ती किंचाळणारी लांब नळी घेऊन ये, सोबत लेव्हलची नळी आण, आणि जेवून ये.