इंटिग्रल म्हणजे आधी बेरीज, उलटं डेरिव्हेटिव्ह नंतर

तुम्ही लिहिलंय की सूत्रं पाठ आहेत, गणितंही सुटतात, पण डेरिव्हेटिव्हच्या (म्हणजे बदलाच्या दराच्या) उलटं करून इंटिग्रल काढल्यावर एकदम आलेखाखालचं क्षेत्रफळ कुठून येतं हे काही केल्या कळत नाही. प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. बहुतेकांना आधी सूत्रांचा तक्ता मिळतो आणि अर्थ खूप नंतर, तोही घाईघाईत. मला हा क्रमच चुकीचा वाटतो.

इंटिग्रल ही मुळात बेरीज आहे. जर्मन गणिती लायब्निट्सने १६७५ मध्ये इंटिग्रलसाठी जे चिन्ह (∫) वापरायला सुरुवात केली, तो लांब ओढलेला 'एस' आहे, 'सुम्मा' म्हणजे बेरीज या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर. आणि शेवटी येणारं डीएक्स म्हणजे एका बारीक पट्टीची रुंदी. उंची गुणिले रुंदी, आणि अशा सगळ्या पट्ट्यांची बेरीज. चिन्हातच सगळं लिहिलेलं आहे.

आता वही घ्या आणि हे हातानेच करा, नुसतं वाचू नका. एक्सच्या वर्गाचा आलेख, ० पासून १ पर्यंत. त्याखालच्या भागाच्या दहा उभ्या पट्ट्या पाडा, प्रत्येकीची रुंदी ०.१. उंची पट्टीच्या उजव्या कडेला मोजली तर ०.०१, ०.०४, ०.०९ असं करत १ पर्यंत. बेरीज ३.८५, गुणिले रुंदी, म्हणजे ०.३८५. हे उत्तर जास्त आहे, कारण पट्ट्या आलेखाच्या वर डोकावतात. डाव्या कडेला मोजली तर ०.२८५, हे कमी. शंभर पट्ट्या पाडल्या तर ०.३३८३५ आणि ०.३२८३५. दोन्ही बाजूंनी चिमटा आवळत जातो आणि मध्ये एकच संख्या उरते: एक तृतीयांश. हीच संख्या म्हणजे तो इंटिग्रल. बघा, इथपर्यंत डेरिव्हेटिव्हचं नावही निघालेलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. ० पासून एक्सपर्यंतच्या क्षेत्रफळाला 'ए' म्हणू. उजवी कड अगदी किंचित, समजा एचइतकी, पुढे सरकवा. क्षेत्रफळात भर किती पडली? एका पट्टीची. तिची रुंदी एच आणि उंची जवळजवळ एक्सचा वर्ग. भरीला एचने भागलं की उरते उंची, आणि एच जसजसा लहान होतो तसतसं ते 'जवळजवळ'ही गळून पडतं. म्हणजे क्षेत्रफळ वाढण्याचा दर त्या जागच्या उंचीइतकाच. दर म्हणजे डेरिव्हेटिव्ह! म्हणून आपण असं फंक्शन शोधतो ज्याचं डेरिव्हेटिव्ह एक्सचा वर्ग आहे: एक्सचा घन भागिले तीन. ०पाशी क्षेत्रफळ शून्य, म्हणून उलटं करताना जोडावा लागणारा स्थिरांकही इथे शून्य. एक्सच्या जागी १ घाला, पुन्हा एक तृतीयांश. शंभर पट्ट्यांचं काम एका ओळीत झालं.

पण हा जवळचा रस्ता आहे, व्याख्या नव्हे, आणि तो आंधळेपणाने धरला तर फसवतो. १ भागिले एक्सचा वर्ग हे फंक्शन उणे १ पासून १ पर्यंत घ्या. सूत्राने उत्तर येतं उणे २. आलेख तर सगळाच अक्षाच्या वर, मग धन पट्ट्यांची बेरीज ऋण कशी? ०पाशी उंची अनंताकडे धावते, तिथे फंक्शनच तुटलेलं आहे, आणि बेरीज कुठल्याच संख्येवर थांबत नाही. बेरीज डोक्यात असेल तर हे उत्तर पाहताक्षणीच खटकतं.

उलट बाजूही आहे. 'ई' (सुमारे २.७१८ ही संख्या) हिचा उणे एक्स-वर्ग घात, संख्याशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्रामागचं फंक्शन. त्याचं उलटं डेरिव्हेटिव्ह आपल्या ओळखीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही. बेरीज मात्र व्यवस्थित आहे, हवी तितकी अचूक काढता येते.

(साइनचा ० ते २π इंटिग्रल शून्य का, हेही यात आलंच: अक्षाखालच्या पट्ट्यांची उंची ऋण.)

एक गोष्ट स्वतः करून बघा. शंकूचं घनफळ काढताना तो एक तृतीयांश कुठून येतो? शंकूच्या टोकापासून सुरुवात करून आडव्या पातळ चकत्या पाडा. चकतीची त्रिज्या टोकापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते, म्हणून तिचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. बेरीज करायला घ्या, वर वहीत आलेला एक तृतीयांश तोच हा.