दोन्ही बाजूंनी चकाकणारी डिस्क गाडीत का अडकली?

प्रश्न : मेहुण्यांनी २००५ साली न्यू जर्सीहून येताना गाण्यांची एक ड्युअलडिस्क आणली होती. एका बाजूला सीडी, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी. घरच्या डीव्हीडी प्लेअरवर छान वाजते. परवा गाडीतल्या प्लेअरमध्ये सरकवली तर आतच अडकली, डॅशबोर्ड उघडून काढावी लागली. त्यांनीच आणलेली ‘हायब्रिड एसएसीडी’ (सुपर ऑडिओ सीडी) मात्र गाडीत बिनतक्रार वाजते. प्लेअर बिघडला आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : प्लेअर बदलायची घाई करू नका, बहुतेक तो ठणठणीत असेल. पंचवीस वर्षं हीच यंत्रं दुरुस्त करतोय. अशी पहिली डिस्क दुकानात आली तेव्हा मी तिला व्हर्निअर लावून पाहिला होता. साधी सीडी १.२ मिलिमीटर जाड, ही भरली १.५. फटीतून आत ओढणाऱ्या रोलरना तेवढीही जाडी भारी पडते.

ड्युअलडिस्क म्हणजे पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या दोन चकत्या. डीव्हीडीच्या चकतीला ०.६ मिलिमीटर लागतात. तिला पूर्ण जाडीची सीडी जोडली असती तर डिस्क १.८ वर गेली असती, म्हणून सीडीची बाजू ०.९ वर आणली. पण सीडीचा लेझर १.२ मिलिमीटर प्लास्टिकखालची नोंद वाचायला बसवलेला असतो. त्यामुळे काही प्लेअर ती बाजू वाचतच नाहीत. सीडीच्या मापात बसत नसल्यामुळे या डिस्कवर सीडीचं अधिकृत चिन्हही छापता आलं नाही.

तुमची दुसरी डिस्क मला मनापासून आवडते. सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये एसएसीडी आणली. तिच्या हायब्रिड प्रकारात एसएसीडीचा आणि साध्या सीडीचा असे दोन्ही थर एकाच बाजूने वाचले जातात आणि जाडी तीच, १.२. मधला, एसएसीडीचा थर अर्धपारदर्शक असतो. एसएसीडी प्लेअरचा ६५० नॅनोमीटरचा लेझर त्यावरून परततो, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा लेझर आरपार जाऊन खालचा सीडीचा थर वाचतो. गाडीत तुम्ही ऐकता तो हाच थर. मधला एसएसीडीचा थर ऐकायला एसएसीडी वाजवणारा प्लेअरच हवा.

ड्युअलडिस्क ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्ये घाला, सीडीची बाजू संगणकावर उतरवून घ्या आणि गाडीसाठी साधी सीडी बनवा. मूळ डिस्क कडेनेच धरा. तिला लेबलाची सुरक्षित बाजू नाही, बोटं कुठेही टेकली तरी गाण्यांवरच टेकतात.