ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनवर बंद. मोटर बदलावी लागेल का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, साधा एसी, चार स्पीडचा गोल स्विच. पंधरा दिवसांपासून ब्लोअर एक, दोन, तीनवर अजिबात फिरत नाही, चारवर मात्र जोरात फिरतो. त्याआधी दोन-तीनदा प्लास्टिक जळल्यासारखा वास आला होता. गॅरेजमध्ये सांगितलं की मोटर गेली, नवी टाका. आणि पुढच्या आठवड्यात, भर पावसात, तुम्हाला आईवडिलांना घेऊन महाबळेश्वरला जायचंय.

आधी उत्तर देतो, कारण नंतर सांगतो. मोटर आत्ता बदलू नका. चारवर जोरात फिरतेय म्हणजे मोटरमध्ये जीव आहे. गेलाय तो बहुतेक ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी ठेवणारा तारेचा भाग. गॅरेजलाइनीत त्याला 'रजिस्टर' म्हणतात, स्पेअरच्या दुकानात तसं मागितलंत तरी चालेल. तो काही शे रुपयांत येतो, मोटरला काही हजार लागतात. पण नवा रेझिस्टर टाकला आणि काम संपलं असंही समजू नका. जुना कशामुळे जळला हे शोधल्याशिवाय नवा टाकलात तर तोही जळणार.

मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, एकवीस वर्षं झाली. पावसाळा लागला की ब्लोअरच्या तक्रारी वाढतात, कारण उन्हाळ्यात काच खाली करून भागवलेलं असतं आणि पावसात ते जमत नाही.

आता आत काय होतं ते बघा. स्विच चारवर असतो तेव्हा करंट रेझिस्टरला वळसा घालून पूर्ण जोराने मोटरला मिळतो. तीन, दोन, एकवर तो तारेच्या गुंडाळ्यांतून जातो. तीनवर एक गुंडाळी, दोनवर दोन, एकवर सगळ्या. जितकी तार जास्त तितकी मोटर हळू. मोटरला न मिळालेली वीज त्या तारेत उष्णता होऊन जाते. उदाहरणच घ्या: दोनवर ६ अँपियर करंट आहे आणि तारेचा रोध १ ओहम आहे, तर ६ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि ३६ वॅटची उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचं असतं. त्याहून जास्त उष्णता टाकणारी वस्तू डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिकच्या डक्टमध्ये, म्हणजे वारा वाहून नेणाऱ्या नळीत, बसलेली असते. म्हणूनच ती मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यात बसवतात, म्हणजे त्याच वाऱ्याने गार राहील. तरीही प्रमाणाबाहेर तापलीच तर तुटण्यासाठी तिच्यावर एक छोटा थर्मल फ्यूज असतो. तो तुटला की खालचे सगळे स्पीड एकदम जातात आणि वरचा तेवढा उरतो. तुमचं चित्र नेमकं हेच आहे. फक्त पहिला स्पीड गेला असता तर मी म्हटलं असतं, एकच गुंडाळी तुटली. एक-दोन-तीन चालून चार बंद असता तर रेझिस्टर सोडून स्विच, चारचा रिले किंवा त्याची वायर बघायला सांगितली असती.

वासाचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रेझिस्टर जास्त तापण्याची दोन मोठी कारणं असतात.

एक, वारा कमी. केबिन फिल्टर चोंदला की रेझिस्टरला गार करणारा वाराच मिळत नाही. फिल्टर चोंदला की मोटरवर लोड येतो असं बरेच जण सांगतात, ते बरोबर नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपवर हात धरून बघा, आवाज चढतो आणि आतला पंखा उलट हलका फिरतो. कारण हवाच ढकलायची नसते. ब्लोअरचंही तसंच. मोटर निभावून नेते, रेझिस्टर भाजतो. काही छोट्या गाड्यांत तर कंपनीतून केबिन फिल्टर आलेलाच नसतो, खाचेवर नुसतं झाकण असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते ग्लोव्ह बॉक्स उतरवून बघा.

दुसरं कारण, मोटरच जड फिरतेय. शाफ्ट ज्यात फिरतो ते आतले बुश सुकले, शाफ्टवर माती गेली की मोटर जास्त करंट ओढते आणि तो सगळा करंट रेझिस्टरमधून जातो. हे घरी तपासता येतं, हत्यार लागत नाही. इंजिन बंद, चावी ऑन, रेडिओ बंद, ब्लोअर चारवर अर्धा मिनिट चालवा आणि मग झटकन शून्यावर आणा. कान ग्लोव्ह बॉक्सजवळ न्या. चांगली मोटर सुटल्यावर काही सेकंद घरंगळत थांबते, आवाज हळूहळू विरतो. जड झालेली लगेच थांबते आणि थांबताना घासल्यासारखी कुरकुरते. तुमची तशी थांबत असेल तर मात्र गॅरेजवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि मोटर उघडायला हवी.

मोटर उघडायची म्हणजे लगेच फेकायची असं नाही. बहुतेक गाड्यांत ती डावीकडे ग्लोव्ह बॉक्सच्या खाली असते, तीन-चार स्क्रू काढले की खाली उतरते. गेल्या जानेवारीत वडूथकडचे एक शेतकरी गाडी घेऊन आले होते, अशीच तक्रार, अशीच मोटर बदलायची तयारी. मोटर खाली घेतली तर पंख्याच्या जाळीत भुईमुगाची टरफलं, सीटमधला कापूस आणि वाळलेलं गवत घट्ट बसलेलं. शेजारच्या रानातला ऊस तुटला आणि उंदरांनी गाडीत घर केलं. एका बाजूची पातीच भरली होती, त्यामुळे पंखा तोल जाऊन थरथरत होता. जाळी ब्रशने साफ केली, शाफ्ट पुसून बुशला तेलाचे दोन थेंब दिले, आणि मोटर बोटाने फिरवली तर मोकळी फिरली. त्यांना फक्त रेझिस्टर आणि एक कपलर लागला. ती गाडी अजून चालू आहे, परवाच रस्त्यात दिसली.

कपलरचं मुद्दाम सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. रेझिस्टरला जे प्लग लागतं ते काढून उजेडात नीट बघा. पांढरं किंवा काळं प्लास्टिक एका पिनपाशी तपकिरी झालंय का, वितळून वाकलंय का, पिन निळसर-काळी पडलीय का. असं असेल तर ते कपलर नव्या रेझिस्टरला लावू नका. जळलेल्या पिनची पकड ढिली झालेली असते, ढिल्या पकडीत ठिणगी आणि उष्णता, आणि काही आठवड्यांत पुन्हा तोच वास. वायर तांबं स्वच्छ लाल दिसेपर्यंत मागे कापायची, नव्या पिना दाबून बसवायच्या, नवं कपलर लावायचं. नुसतं पीळ मारून टेप गुंडाळू देऊ नका. तुम्हाला आलेला वास बघता तुमचं कपलर भाजलेलं असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

तुमच्याजवळ हत्यारं असतील तर एक खात्रीची तपासणी करा. जुना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. मोटरचं कपलर काढून बल्बच्या दोन वायरी कपलरच्या दोन पिनांना लावा आणि चावी ऑन करून चारही स्पीड फिरवा. मल्टिमीटरपेक्षा मी इथे बल्ब का सांगतोय? मीटर जेमतेम करंट घेतो, त्यामुळे जळक्या पिनेतूनही तो बारा व्होल्ट दाखवतो. बल्बला पावणेदोन अँपियर लागतो, त्याच्यासमोर कमजोर जोड उघडा पडतो. एक वायर बॉडीला अर्थ करून तपासू नका, कारण कितीतरी गाड्यांत मोटरला प्लस सतत मिळतो आणि स्विच-रेझिस्टर अर्थच्या बाजूला असतात. बॉडीला लावलेला बल्ब तुम्हाला सगळ्या स्पीडला पेटलेला दिसेल आणि तुम्ही गोंधळाल. दोन्ही पिनांमध्ये लावला की खरं कळतं. फक्त चारवर पेटला, खाली विझला, तर रेझिस्टर किंवा त्याचं कपलर. उद्या कधी मोटर चारवरही बंद पडली आणि बल्ब मात्र लख्ख पेटला, तर मोटर गेली. तेव्हाही बदलण्याआधी मोटरच्या पाठीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. ठोकल्यावर फिरली तर आतले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत, आणि मग तिचे दिवस थोडेच राहिले.

हे करताना एक काळजी घ्या. ग्लोव्ह बॉक्सच्या वर प्रवाशाची एअरबॅग असू शकते. पिवळं कपलर किंवा पिवळी नळी घातलेली वायर दिसली तर तिला बल्ब, मीटर, सुई काहीही लावायचं नाही. आणि रेझिस्टरला ब्लोअर बंद केल्या केल्या हात लावू नका, भाजतो.

दोन गोष्टी कोणी सुचवल्या तरी करू देऊ नका. ब्लोअरचा फ्यूज ३० अँपियरचा असेल आणि उडत असेल तर ४०चा घालायचा नाही. फ्यूज वायरीच्या जाडीवर ठरवलेला असतो. मोठा घातला की फ्यूजच्या आधी वायर जळते. आणि थर्मल फ्यूज तुटलेल्या रेझिस्टरवर तारेचा तुकडा जोडून तो 'डायरेक्ट' करायचा नाही. हे मी होताना पाहिलंय, आणि वितळलेला डक्टही पाहिलाय. गाडीत मागे लहान मुलं बसलेली असतात हो.

हे सगळं साध्या स्विचच्या एसीबद्दल. आकडे टाकून तापमान ठेवता येतं त्या ऑटोमॅटिक एसीत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते बिघडलं की ब्लोअर पूर्ण बंद तरी होतो किंवा बटण बंद केलं तरी फिरत राहतो, त्याला वरचा हिशेब लावू नका. तसंच, ब्लोअरचा आवाज पूर्ण आणि वारा मात्र अर्ध्या तासाने कमी होत जातो, गाडी थांबवून थोड्या वेळाने परत सुरू केली की पुन्हा येतो, असं असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तो वेगळा विषय.

आता महाबळेश्वर. मेढ्यावरून केळघर घाटाने जा नाहीतर वाईवरून पसरणी घाटाने, पावसात दोन्हीकडे ढग रस्त्यावर उतरलेले असतात. गाडीत चार माणसं, ओले कपडे, बाहेर गार हवा. समोरची काच दोन मिनिटांत आतून धुरकट होते. ती साफ ठेवायचं काम ब्लोअरचं आहे, म्हणून ही दुरुस्ती मी निघण्याआधीच करायला सांगेन. अगदीच जमलं नाही तर वास पुन्हा येत नाही ना याची खात्री करून चारवरच चालवा, रोख काचेकडे करा, हवा बाहेरून आत येईल असं ठेवा आणि एसी चालू ठेवा. थंडी वाजली तर तापमानाची मूठ गरमकडे फिरवा. एसी हवेतली ओल काढतो आणि हीटर ती हवा कोमट करतो, दोन्ही एकत्र चालतात. फडक्याने काच पुसत बसू नका, नजर रस्त्यावरून हटते. आणि वास आलाच तर ब्लोअर लगेच बंद करून गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा काढलेला रेझिस्टर आणि कपलर दोन्ही परत मागून घ्या. रेझिस्टरवर छोटी चपटी पट्टी किंवा गोळीसारखा तुकडा दिसेल, तो तुटलाय का बघा. त्याचा आणि कपलरच्या पिनांचा फोटो इथे टाका, आणि ब्लोअर शून्यावर आणल्यावर थांबताना आवाज कसा येतो तेही लिहा. रात्री दुकान बंद केल्यावर मी बघतो.