वल्ह्यापासून सुरुवात कर

बाळा,

तुझा मेल वाचला. ग्रीसजवळच्या समुद्रात ख्रिस्ती आघाडीनं ऑटोमन तुर्कांचं आरमार हरवलं ती लेपांतोची लढाई निर्णायक होती की नव्हती, इथंच तुझं घोडं अडलंय. एक पुस्तक म्हणतं, 7 ऑक्टोबर 1571 ला युरोप वाचला. दुसरं म्हणतं, एका हिवाळ्यात तुर्कांनी दीडशेच्या आसपास नवी जहाजं बांधली आणि 1573 मध्ये आघाडीतल्याच व्हेनिसनं सायप्रस सोडून वर खंडणीही मोजली, मग जिंकलं कोण? दोन्ही खरं आहे. म्हणून काय आयुष्यभर दोघांच्या मध्ये उभं राहून मान डोलवणार?

वल्ह्यापासून सुरुवात कर. ख्रिस्ती सेनापती डॉन हुआनपासून नको, तुर्की सेनापती अली पाशापासूनही नको. गॅली, म्हणजे वल्ह्यांचं लढाऊ जहाज, लढाईत माणसांच्या पाठीवर चालते. बाकावर दाटीवाटीनं बसलेले लोक, कैद्यांच्या पायात बेड्या, खाणं, झोपणं, नैसर्गिक विधी सगळं तिथंच, आणि जहाज बुडालं की साखळीसकट तळाशी. तुर्की वल्ह्यांवर हजारो ख्रिस्ती कैदी होते. व्हेनिसच्या कितीतरी जहाजांवर मोकळी, पगारी माणसं होती आणि हातघाईला तीच शस्त्र घेऊन उठली. डॉन हुआननं आपल्या कैद्यांना सुटकेचं वचन देऊन लढायला लावलं. त्या दिवशी तुर्की जहाजांवरून सुमारे 12,000 ख्रिस्ती वल्हेकरी सुटले.

आता तुझा प्रश्न पुन्हा विचार. लाकूड हिवाळ्यात उभं राहतं. मुरलेला दर्यावर्दी आणि तिरंदाज नाही. 1572 मध्ये तुर्की आरमारप्रमुख उलुच अलीनं नवं आरमार बाहेर काढलं, पण मोठी लढाई टाळत राहिला. आणि हो, 1574 मध्ये तुर्कांनी ट्युनिस परत घेतलं, तेही लिही. लपवाछपवी मला चालत नाही.

‘वल्हेकरी तळटिपेत टाका,’ असं मलाही सांगितलं गेलं होतं. मी टाकले नाहीत. प्रबंध रखडला, कायमची नोकरी हुकली, बरोबरीचे विभागप्रमुख झाले. तरी माझंच बरोबर होतं, आणि हे मी आज कुणाच्याही तोंडावर सांगेन. खंत एवढीच, की व्हेनिसच्या दफ्तरात बसायचं वय इथल्या समित्यांना पटवण्यात गेलं. तुझं जाऊ देऊ नकोस. इटालियन कधी शिकू, हे काय विचारणं झालं? आजपासून लाग. अडलं तर रात्री-अपरात्री फोन कर, मी जागीच असते.

पुढच्या मेलमध्ये जय-पराजयाचा निवाडा नको. 1572 च्या त्या नव्या जहाजांवर वल्ह्याला कोण बसलं, कुठल्या प्रांतातून आणलं, ते शोधून पाठव.